रडण्याचं भाषांतर

वसईबाहेरच्या माणसाला 'मी होळीला राहतो' असं सांगितलं की त्याचा हात नकळत तोंडाकडे जातो. होळी म्हणजे बोंब हे समीकरण त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. वास्तविक आमची होळी हा वसई गावातला एक सज्जन बाजार. इथं माणूस भाजी घेतो, सुकेळी घेतो, चार माणसांच्या चौकशा करतो आणि घरी जातो. बोंब मारायचं कारण सहसा पडत नाही. पण माझी धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली, भाचेबुवा सव्वा महिन्याचे झाले आणि गावाचं नाव त्यांनी एकट्याच्या बळावर सार्थ करून दाखवलं.

मुहूर्त ठरलेला. दिवेलागणीला सुरुवात. बँकेतून सुटून, लोकलमध्ये लोंबकळून आणि स्टेशनवरून बसने ठेचकाळत मी घरी पोचायचो तेव्हा दुसरा अंक रंगात आलेला असायचा. मूल भुकेनं रडतं, आई जवळ घेते, मूल पितं आणि झोपतं, अशी माझी साधी समजूत होती. 'रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही' ही म्हण मी युनियनच्या सभेत दोनदा वापरलीही होती. इथं मामला उलटा. आई पाजायला बसलेली आणि हे रडतायत! दोन घोट घ्यायचे, एकदम पाठीची कमान करायची, मुठी आवळायच्या आणि अपमान झाल्यासारखं तोंड फिरवायचं. बरं, नको तर नको म्हणून बाजूला घ्यावं, तर 'माझं दूध कुठाय' म्हणून टाहो. कॅश काउंटरवर पंचवीस वर्षांत सगळ्या तऱ्हांची गिऱ्हाइकं पाहिली. पण नोटा हातात दिल्या की 'नकोत' आणि ड्रॉवरमध्ये ठेवल्या की 'लुटलं' म्हणणारं हे पहिलंच.

तसं 'नको'चा सरळ अर्थ लावायची आपल्याकडे पद्धतच नाही म्हणा. जेवताना पाहुणा 'पोळी नको' म्हणाला तर ती वाढायची असते. अर्धी वाढली तर तो मनातून दुखावतो. पण पाहुण्याला निदान बोलता येतं. ज्याला बोलताच येत नाही त्याच्या 'नको'चा अर्थ लावायचा हक्क कोणाचा?

आमच्या घरात तो हक्क सगळ्यांनीच बजावला. आई म्हणाली, दूध पुरत नाही. अळिवाचे लाडू वाढवा, शतावरी द्या. शेजारच्या काकूंनी दृष्ट लागल्याचं निदान करून मीठमोहऱ्या उतरवल्या. (मोहऱ्या तडतडल्या तेव्हा भाचेबुवा क्षणभर गप्प झाले. काकूंची प्रॅक्टिस त्यामुळे वाढली.) भावजींनी फोनवरून 'गॅस' असं सांगितलं, ते तसंही सगळ्याला गॅसच सांगतात. प्रत्येकानं त्या एका रडण्याचं आपापल्या शब्दकोशातून भाषांतर केलं. मूळ लेखक रडतच होता.

आणि मी? मी एका रात्री पावणेदोन वाजता ठरवलं, की हा गरीब जीव उपाशी आहे. दुसऱ्या दिवशी येताना पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आलो. डब्यावर बाळाचं चित्र नाही हे पाहून मला जरा नवल वाटलं. नंतर कळलं, 1992 च्या कायद्यानं अशा डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायला बंदी आहे. उलट आईचं दूधच सर्वोत्तम हे ठळक अक्षरांत छापावं लागतं. स्वतःच्या मालावर 'हा माल घेऊ नका'च्या जवळ जाणारी सूचना छापणारा हा एक धंदा आणि दुसरा सिगरेटचा.

डबा मी बहिणीपुढे ठेवला. म्हटलं, "अगं, त्याच्यासाठीच म्हणतोय. पोटभर पिईल, शांत झोपेल."

ती डब्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दादा, म्हणजे तुलासुद्धा माझं कमी पडतंय असं वाटतं?" आणि बाळापाठोपाठ तीही रडायला लागली. ह्या रडण्याचं भाषांतर मात्र मला शब्दकोशाशिवाय जमलं.

बँकांमध्ये काउंटर कमी करायचं असलं की 'ग्राहकांच्या सोयीसाठी' अशी पाटी लागते. ती वाचून गिऱ्हाईक जसं आमच्याकडे बघतं, तसं मी त्या रात्री स्वतःकडे बघितलं. बाळाची भूक मला ठाऊक नव्हती; माझी झोप ठाऊक होती. सकाळची लोकल ठाऊक होती. पाटीवर नाव तेवढं त्याचं.

मग डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दोनच गोष्टी केल्या. बाळाचं वजन केलं आणि दिवसाला लंगोट किती ओले होतात ते विचारलं. सहाच्या वर, बहीण म्हणाली. घरात इतके तज्ज्ञ, पण लंगोट मोजायचं एकालाही सुचलं नव्हतं. वजन उत्तम वाढलं होतं. म्हणजे दूध पुरत होतं.

बाई म्हणाल्या, कधी सुरुवातीला धार जोरात येते, बाळाला ठसका लागतो आणि ते सोडून देतं. आईनं जरा मागं रेलून पाजावं. मधे ढेकर काढावी. भोकाड पसरण्याआधीच, नुसतं तोंड चाळवायला लागलं की घ्यावं. संध्याकाळी पुन्हापुन्हा मागतात, ते चालायचंच. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं; डब्यानं पोट भरलं की मागणी घटते आणि मागोमाग पुरवठाही. बी.कॉम.ला मागणी-पुरवठ्याचे आलेख काढून माझी बोटं दुखली होती. ते खरोखर चालताना पाहिले ते इथं.

"एवढं करून रडला तर?" मी विचारलं.

"रडेल. सहाव्या-सातव्या आठवड्यात सगळ्यात जास्त रडतात. मग कमी होतं."

डब्याशी माझं वैर नाही. काही घरांत तो लागतो, डॉक्टरच सांगतात, आणि त्या आईला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये. शिवाय मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 पासून आईच्या दुधाची बँक आहे, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी काढलेली, आशियातली पहिली. ज्यांना आहे त्या बायका ठेव ठेवतात, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली पोरं ती काढतात. व्याज नाही, तारण नाही, सही जुळत नाही म्हणून परत पाठवणं नाही. मी बँकेत आहे असं त्यानंतर जरा दबकूनच सांगतो.

एस.टी. स्टँडवर 'हिरकणी कक्ष' पाहिला की मला हल्ली एक शंका येते. तान्ह्या बाळापायी ती गवळण अंधारात रायगडाचा कडा उतरली, हे शाळेपासून ऐकलंय. पण ती धापा टाकत घरी पोचल्यावर त्या पोरानं लगेच तोंड लावलं, की दोन घोट घेऊन पाठीची कमान केली? सांगणारे तिथं थांबतात. मला वाटतं खरा कडा तिथून पुढं असावा, आणि त्यावर कोणी बुरूज बांधत नाही.

पुढचे पंधरा दिवस दोन पाजण्यांच्या मधे भाचेबुवांना खांद्यावर टाकून अंगणात फिरवायचं काम माझ्याकडे आलं. भाषांतर करायचं नाही, फक्त फिरवायचं. बहीण तेवढ्यात गरम जेवायची. काकू कुंपणावरून विचारायच्या, "का रडतोय हो?" मी म्हणायचो, "रडतोय."

डबा औषधवाल्याला परत द्यायला गेलो. ओळखीचा असल्यामुळे त्यानं घेतला. "का हो, बाळानं घेतलं नाही?"

"विचारलंच नव्हतं त्याला," मी म्हणालो.