डेटा अभियंत्याचा स्वधर्म
गीतेतला स्वधर्म परंपरेने वर्णाशी जोडला गेला; बाजारात निवडलेल्या पेशाला तो लागू होतो का, हा प्रश्न डेटा इंजिनिअरिंगमध्ये टोकदार होतो. विखुरलेल्या स्रोतांतून डेटा आणणे, दुबार नोंदी काढणे, तो वेळेवर वेअरहाउसमध्ये पोचवणे, हे काम बहुधा बिघडल्यावरच दिसते. नोकरी एसक्यूएल, पायथन आणि मुलाखतीच्या जोरावर मिळते. तिथे गीता सोडायला सांगते ती फळाची इच्छा उघड असते, आणि ती लपवण्याचे कारणही नाही. ‘गीतारहस्या’त (१९१५) टिळकांनी कर्मत्यागाऐवजी लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या हितासाठी, कर्म करण्यावर भर दिला. ती कसोटी लावली, तर आजाराच्या नोंदी उपचारासाठी जुळवणे आणि विमा नाकारण्यासाठी जुळवणे, ही दोन निराळी कर्मे ठरतात, कोड एकच असला तरी. त्यामुळे नोकरी स्वीकारताना पगाराइतकीच डेटाच्या वापराचीही चौकशी करणे स्वधर्मात मोडते.