पाण्याचे पुण्य कशात?

कात्रजच्या तळ्याकाठी फिरताना एक प्रश्न मला नेहमी पडतो: पाणी दान करण्याचे पुण्य ते आणण्यात आहे, की ते कोणालाही भरू देण्यात?

नानासाहेब पेशव्यांनी 1750च्या सुमारास इथे आंबिल ओढ्याचे पाणी अडवले आणि दगडी भुयारी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेले. सगळी करामत जमिनीच्या उताराची. वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून आतली हवा खेळती राही, माणसाला गाळ काढायला उतरता येई. काळा हौद, बदामी हौद याच पाण्यावर भरत.

उताराची हीच विद्या रोमनांची. इ.स.पू. 19 मध्ये अग्रिपाने रोमला आणलेल्या पाण्यावर आजही ट्रेव्हीचे कारंजे चालते. इस्तंबूलला जस्टिनियन सम्राटाच्या काळातला, सहाव्या शतकातला भुयारी हौद मी पाहिला. 336 खांब, आणि एका कोपऱ्यात दोन खांबांखाली ग्रीक पुराणातल्या मेदुसाची मुंडकी: एक आडवे, एक उलटे. ख्रिस्ती सम्राटाच्या हौदाला जुन्या धर्माचे दगड चालले. मी तिथे बराच वेळ उभी होते. रोममध्ये तर चौकातल्या कुंडांवर गुलामही पाणी भरत. गुलामगिरीचे क्रौर्य त्याने कमी होत नाही, पण गुलामाच्या हाताने कुंड बाटत नसे.

आणि आपण? आपल्या शास्त्रांनी विहिरी-तळी बांधण्याला पूर्तधर्म म्हटले, यज्ञाच्या जोडीला बसवले. माझी आजी वैशाखात दारात पाणपोई घालायची. रांजणाला ओले फडके, पाण्यात वाळा. शेजारी पत्र्याची एक पन्हळ टेकवलेली असे. काही माणसांना भांडे मिळत नसे. ती ओंजळ धरून खाली बसत आणि आजी वरून पन्हळीत पाणी सोडी. आजी मायाळू होती, श्रद्धाळू होती. तरी ती पन्हळ अधर्मच होती, असे मी आज म्हणते.

जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मैलोन् मैल नळ नाही, कारंजी नाहीत. पुण्याच्या हिशेबात मात्र मी तो हौद पेशव्यांच्या नळाहून मोठा मानते. पुढे 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला.

कात्रजचा नळ जरूर पाहा, मुलांना त्याचे उच्छ्वास दाखवा. पण तिथूनच घरी परतू नका. महात्मा फुले पेठेतल्या फुलेवाड्यातही त्यांना घेऊन जा.