देहातील काटा की टाळलेला उपाय?

मनुष्याला प्राण मिळाला तो नाकाच्या वाटेने, असे उत्पत्तीचा दुसरा अध्याय सांगतो. ती वाटच बारा महिने चोंदलेली असेल तर काय होते, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. रात्रभर तोंडाने श्वास घ्यावा लागतो, पहाटे घसा कोरडा पडतो आणि उपासनेत गीताच्या ओळीच्या मध्यावरच दम संपतो. या दुखण्याने कोणी मरत नाही, म्हणून त्याची विचारपूसही कोणी करीत नाही. मग मनात प्रश्न येतो : एवढ्याशा त्रासासाठी देवाने दिलेल्या देहावर शस्त्र चालवून घ्यावे काय? सहन करणे हीच ख्रिस्ती वृत्ती नव्हे काय?

हा प्रश्न मी अनेक वर्षे स्वतःला विचारला आणि प्रत्येक वेळी पौलाच्या आड लपलो. २ करिंथ १२ मध्ये तो आपल्या देहातील काट्याविषयी लिहितो. तो काटा निघाला नाही, कृपा मात्र पुरली. माझे नाक हाच माझा काटा, असे मी म्हणत असे. पण तो अध्याय सावकाश वाचला तेव्हा ध्यानात आले की, काटा निघावा म्हणून पौलाने आधी तीनदा विनवणी केली होती. त्याचा स्वीकार त्यानंतरचा आहे. मी तर साध्या तपासणीलाही गेलो नव्हतो. ज्याला मी सहनशीलता म्हणत होतो, तिच्यात भुलेची व सुरीची भीतीच अधिक होती.

शिवाय, खरोखर सहन कोण करीत होते? माझ्या घोरण्यामुळे पत्नी उशी घेऊन दुसऱ्या खोलीत जाई. अपुऱ्या झोपेचा राग सकाळी मुलांवर निघे. आणि माझ्या उशीखाली नाक मोकळे करणाऱ्या थेंबांची बाटली असे. असे थेंब काही दिवसांपेक्षा अधिक वापरले, तर त्यांचा असर ओसरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते. ज्याला त्या बाटलीवाचून एक रात्र काढता येत नाही, त्याने आपल्या समाधानाची साक्ष मंडळीत देऊ नये.

पवित्र शास्त्र उपचाराला अविश्वास मानीत नाही. हिज्कीयाची प्रार्थना ऐकली गेली, त्याला १५ वर्षांचे आयुष्य वाढवून मिळाले. तरी त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावावाच लागला (यशया ३८). तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल उपाय सुचवितो, आणि त्याचा प्रिय सोबती लूक हा वैद्यच होता. प्रभूच्या मागे चालताना जो उचलावा लागतो तो वधस्तंभ. नाकाचा पडदा वाकडा असणे हा केवळ त्रासदायक आहे म्हणून वधस्तंभ ठरत नाही.

तथापि, शस्त्रक्रियेलाच तारण समजू नका. पडदा थोडाफार वाकडा बहुतेकांचा असतो. निरोगी माणसाच्याही दोन नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने जड होतात. तो आजार नव्हे. धुळीची वा दिल्लीसारख्या शहरातील हिवाळी धुरक्याची बाधा असेल, तर ती सुरीने कापून काढता येत नाही. म्हणून मिठाच्या पाण्याने नाक धुणे व डॉक्टरांनी दिलेला फवारा नेमाने, काही आठवडे वापरणे हे आधी करावे. मात्र पडदा खरोखरच वाट अडवीत असेल, तर शस्त्रक्रियेचा लाभ होतो. ब्रिटनमध्ये अशा ३७८ प्रौढांवर केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर, फवाऱ्यांवर राहिलेल्यांपेक्षा पडद्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना अधिक आराम होता. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्याला छिद्र पडणे, त्रास तसाच राहणे हे धोकेही आहेत. ते डॉक्टरांना निःसंकोच विचारा. प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे.

बेथेसदा तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेल्या मनुष्याला प्रभूने प्रथम विचारले ते त्याला बरे व्हायचे आहे का, हेच. त्याने उत्तरादाखल अडचणी सांगितल्या. वाचकहो, तो प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारून पाहा. माझ्या सोसण्याची किंमत कोण देत आहे? साधे उपाय मी प्रामाणिकपणे केले आहेत काय? श्वास मोकळा झाला, तर तो मी कशासाठी वापरीन? ही उत्तरे देऊन कोणी शस्त्रक्रिया करवून घेईल, कोणी करणार नाही. दोघांचाही निर्णय विश्वासाचा असू शकतो.

माझी शस्त्रक्रिया झाली. आता मी तोंड मिटून झोपतो आणि गीताची ओळ शेवटपर्यंत गातो. पावसाळ्यात बुरशीच्या वासाने नाक आजही चोंदते, आणि त्यावर कायमचा इलाज नाही असे डॉक्टर सांगतात. त्या उरलेल्या त्रासाला मात्र मी आता निःशंक मनाने काटा म्हणतो. जे करण्याजोगे होते ते केल्यावर जे उरले, तेच कृपेच्या हाती सोपविण्याचा मला अधिकार आहे.