निर्णायक सामन्यातील मोठेपण

अंतिम सामन्यात जो गडी बाद करतो, तोच मोठा खेळाडू असे आपण सहज मानतो. खोखोचा खेळ ह्या समजुतीस धक्का देतो. भवानीनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावीही हा खेळ पाहावा. रूढ पद्धतीत पाठलाग करणाऱ्या नवांपैकी आठजण बसलेले असतात. लगतच्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांस. मागून ‘खो’ मिळाल्यावाचून कोणास उठता येत नाही, आणि उठल्यावर घेतलेली दिशा बदलता येत नाही.

मग यश कोणाचे? हात लावणाऱ्याचे, की स्वतःच गडी टिपण्याचा मोह आवरून योग्य क्षणी खो देणाऱ्याचे? १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. इतके गुण म्हणजे एकटीची करामत खासच नव्हे.

निर्णायक क्षण नवा गुण देत नाही. पराभवाच्या भयाने वा कीर्तीच्या लोभाने नित्याची सावधता ढळते की नाही, एवढेच तो पाहतो. ज्याची ती ढळत नाही, तो खो न मिळता बसून राहिला तरी मोठाच होय. त्यास ओळखण्याइतकी दृष्टी मात्र प्रेक्षकांपाशी हवी.