सुपारीच्या नावावर

रूट कॅनाल केलेली दाढ काही वर्षांनी मुळातच उभी चिरली, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'सुपारी खाता का?' पेशंट ओशाळतो. मला सुटल्यासारखं वाटतं. उभं चिरलेलं मूळ सांधता येत नाही, दाढ बहुधा काढावीच लागते. अशा वेळी दोष पेशंटच्याच तोंडात सापडला तर कोणाला नको असतो?

सुपारी निर्दोष नाही. झोपेत दात खाणंही नाही. पण चिरेची तयारी आधी कोणी करून ठेवली? एक्स-रेत शेंड्यापर्यंत गेलेली जाडजूड पांढरी रेघ मला बघायला आवडते. त्या देखणेपणापायी मी कॅनाल गरजेपेक्षा रुंद करतो, हिरडीलगतचं निरोगी डेंटिन कोरतो. चावण्याचा ताण तर तिथेच येतो! १९८९ साली रीह आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या उपदाढांचा ताठपणा मोजला होता. नुसत्या रूट कॅनालच्या कामाने तो जेमतेम ५ टक्के घटला. दोन्ही बाजूंच्या कडा जातील असा खड्डा कोरल्यावर ६३ टक्के. मग 'नस काढली की दाढ ठिसूळच होते' हे मी पेशंटला सांगतो, ते कोणाच्या सोयीचं? भिंती गेल्या म्हणून ताकद गेली. काही किडीने नेल्या, काही मी.

आणि पोस्ट? 'खिळा टाकला की मजबूत होईल,' किती सहज म्हणून जातो मी. पोस्ट फक्त वरचं बांधकाम धरून ठेवतो. त्याच्यासाठी मूळ आणखी पोखरलं तर उलटंच. त्यापेक्षा हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर खरा दात शिल्लक राहून कॅपने त्याला चहूबाजूंनी वेढणं मोलाचं. पण शिल्लक ठेवलेल्या दाताचं बिल लावता येत नाही.

जिथे ठाम बोलायचं तिथे मात्र मी पुटपुटतो. चावायची दाढ कॅपशिवाय फार दिवस ठेवू नये, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी 'दिवाळीनंतर बघू, डॉक्टर' म्हटलं की मान हलवतो. आग्रह धरला तर पैशासाठी मागे लागलाय असं वाटेल ना! ही भिडस्त सज्जनता म्हणायची, की नको तिथे पोस्ट विकल्याची लाज? दुसरंच असावं.

हल्ली कॅप धरायला पुरेसा दातच उरला नसेल, तर दाढ काढण्याचा पर्यायही पहिल्याच भेटीत सांगतो. त्यावर पेशंट उठून दुसऱ्या दवाखान्यात गेला, की अजून चुटपुट लागते. ती दाढेसाठी नसते.