पहिला संशय कोणाचा?

रहस्यकथा मुलांनी वाचाव्यात की नाही, हा प्रश्न आपल्या कुटुंबांत नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझार आणि काळा पहाड यांनी एका सबंध पिढीला वेड लावले होते. ती पुस्तके भूगोलाच्या पुस्तकाआड धरून वाचणारे पुढे स्वतः आजोबा झाले आणि नातवंडांच्या वाचनाची काळजी वाहू लागले. चोऱ्या, दरोडे, खून, खोटी नावे, बनावट दाढ्या यांत मुलांच्या मनाला कोणते पोषण मिळणार, असे वडील मंडळी विचारतात. शुद्ध गोष्टींचे मनन करावे असा उपदेश पौलाने फिलिप्पैकरांस केला, त्याच्याशी या वाचनाचा मेळ कसा घालावा, ही शंका ख्रिस्ती पालकांच्या मनात विशेष असते. मुलांना विचारावे तर त्यांचे उत्तर एकच: पुस्तक खाली ठेववत नाही. वडील पुस्तकाच्या फायद्याविषयी बोलतात, मुले त्याच्या गोडीविषयी. त्यामुळे दोन्ही मते एकमेकांच्या शेजारून निघून जातात, त्यांची गाठ पडत नाही.

कल्पित कथेलाच नाक मुरडणारे काही जण आपल्या मंडळ्यांत अद्याप आहेत. त्यांच्यासाठी येथे फार वेळ दवडण्याचे कारण नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली बाबा पदमनजींनी लिहिली, आणि विधवांची दैना लोकांपुढे मांडण्यासाठी त्यांना कथेचाच आश्रय घ्यावासा वाटला, एवढे स्मरण पुरे आहे.

वडिलांचे मत आणि मुलांचे मत यांचा झगडा किती विकोपाला जाऊ शकतो हे पाहायचे असेल तर एनिड ब्लायटन या इंग्रज लेखिकेचे उदाहरण घ्यावे. तिच्या 'फेमस फाइव्ह' मालिकेचे पहिले पुस्तक १९४२ साली निघाले आणि मालिका एकवीस पुस्तकांपर्यंत वाढली. चार मुले, एक कुत्रा, सुट्टीचे दिवस, एखादे बेट किंवा भुयार, आणि शेवटी पकडले जाणारे चोर, एवढ्या सामग्रीवर तिने जगभरच्या मुलांना खिळवून ठेवले. आपल्याकडील शहरांतल्या इंग्रजी शाळांच्या कपाटांतूनही ती पुस्तके फाटेपर्यंत फिरली. ब्रिटनमधील अनेक ग्रंथपालांनी मात्र ती आपल्या ग्रंथालयांत ठेवण्याचे नाकारले. बीबीसीने या लेखिकेला वर्षानुवर्षे नभोवाणीपासून दूर ठेवले होते, हे २००९ साली खुल्या झालेल्या तिच्या कागदपत्रांवरून सर्वांना कळले. आक्षेप असा की भाषा तोकडी, पात्रे ठोकळेबाज आणि घटना त्याच त्याच. आक्षेप खोटा नव्हता. परंतु तो मोठ्यांच्या दृष्टीने मोठा होता. तोकड्या भाषेचे पुस्तक वाचून कोणाचे मूल बिघडल्याचे ऐकिवात नाही. उलट वाचनाची चटक लागलेले मूल आपल्या पायांनी पुढच्या पुस्तकाकडे चालत जाते.

मग पुस्तकाची परीक्षा कशावरून करावी? सी. एस. लुईस यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या ग्रंथात नेहमीची रीत उलटी करून पाहिली. माणूस कोणती पुस्तके वाचतो यावरून त्याची अभिरुची ठरविण्याऐवजी, एखादे पुस्तक कोणत्या प्रकारे वाचले जाते, कशा प्रकारच्या वाचनाला ते वाव देते, यावरून पुस्तकाची किंमत करून पाहावी, असा त्यांचा विचार आहे. तो मला फार उपयुक्त वाटतो. रहस्यकथेला ही कसोटी लावली की एक गोष्ट ताबडतोब ध्यानात येते. ही कथा वाचकाला स्वस्थ बसू देत नाही, ती त्याला संशय घ्यावयास लावते. पानापानावर मूल मनाशी म्हणत असते, हा असेल का? की ती? तेव्हा रहस्यकथा म्हणजे संशयाचे शिक्षण आहे. ते शिक्षण चांगले की वाईट, हा आपला खरा प्रश्न होय; पुस्तकात किती चोऱ्या आहेत हा नव्हे.

संशय घेणे मुळातच अख्रिस्ती आहे, असे कोणी म्हणेल. तसे मला वाटत नाही. दानीएलाच्या पुस्तकाला जोडलेली सुसान्नेची कथा आठवावी. कॅथलिक बंधुभगिनींच्या बायबलमध्ये ती तेराव्या अध्यायात आहे, प्रॉटेस्टंट वाचकांना ती अपॉक्रिफात सापडेल. दोन वडील एका निर्दोष स्त्रीवर व्यभिचाराचा आळ घेतात. ते लोकांचे न्यायाधीश असल्यामुळे सर्व सभा त्यांच्यावर विश्वास ठेवते आणि स्त्रीला मरणदंड ठरतो. तेवढ्यात तरुण दानीएल पुढे होतो, दोघांना एकमेकांपासून दूर नेतो आणि प्रत्येकाला निरनिराळे विचारतो की, हे कृत्य तू कोणत्या झाडाखाली पाहिलेस? दोघे दोन झाडांची नावे सांगतात. खटला तेथेच कोसळतो. लगेच पुढच्या अध्यायात बेल दैवताच्या मंदिरातील जमिनीवर राख पसरून, रात्री चोरवाटेने येऊन नैवेद्य खाणाऱ्या पुजाऱ्यांच्या पावलांचे ठसे दानीएल राजाला दाखवितो. डोरोथी सेयर्स या ख्रिस्ती लेखिकेने १९२८ साली रहस्यकथांचा मोठा संग्रह संपादित केला, त्यात या दोन्ही कथांना तिने आरंभीच्या रहस्यकथा म्हणून स्थान दिले. ते योग्यच झाले. येथे दानीएलाचा संशय कोणाच्या बाजूने उभा आहे हे पाहा. सर्वांनी जिला दोषी धरले तिच्या बाजूने तो उभा आहे, आणि ज्यांच्यावर कोणी संशय घेतला नसता त्यांच्याकडे तो वळला आहे.

चांगल्या रहस्यकथेचे सारे सामर्थ्य यात आहे. ओघात सांगावयाचे तर, इंग्लंडात या प्रकाराला शिस्त लावणाऱ्यांत श्रद्धावंतांचा भरणा लक्षणीय होता. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू. पुढे त्यांनी संपूर्ण बायबलाचे इंग्रजी भाषांतर केले. त्यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेच्या आरंभीच वाचकाला भेटला पाहिजे, गुप्तहेराने सापडलेला पुरावा वाचकापासून लपवू नये, आणि अलौकिक शक्तीने रहस्य उकलू नये, असे त्यांतील काही. चमत्कारांवर विश्वास असणाऱ्या पुरोहिताने कथेत चमत्काराला बंदी करावी, याचे कोणाला हसू येईल. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. वाचकाला दिलेला शब्द मोडू नये, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच दहा नियमांत एक चमत्कारिक नियम आहे: कथेत चिनी माणूस असू नये. वरवर पाहता तो चिनी लोकांचा अपमान वाटतो. वस्तुतः त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत चिनी माणूस दिसला की तोच खलनायक असावयाचा, आणि नॉक्स यांचा टोला त्या आळसाला होता. लेखकाला विचार करावयाचा नसला म्हणजे तो परक्या चेहऱ्याच्या माणसाला गुन्हेगार करून मोकळा होतो. वाचकालाही ते सोयीचे पडते.

ब्लायटनवरील खरा आक्षेप येथे येतो. तो ग्रंथपालांनी नव्हे, तर तिची पुस्तके लहानपणी आवडीने वाचून मोठ्या झालेल्या वाचकांनी पुढे आणला. तिच्या कथांत संशयाची सुई वारंवार सर्कसवाले, जिप्सी, परदेशी उच्चाराचे किंवा मळकट कपड्यांचे लोक यांच्याकडे वळते. नीटनेटक्या घरची मुले शोध करतात आणि रस्त्यावरचे लोक शोधले जातात. पुढील आवृत्त्यांत यातील काही शब्द बदलले गेले. न्यायाने सांगावयाचे तर, १९५० सालच्या एका पुस्तकात तिने 'जो' नावाची एक भटकी, चोराची मुलगी आणली आहे आणि ती पुढे या मुलांची मैत्रीण होते. तरी एकूण कल लपत नाही. भारतीय मूल ही पुस्तके वाचताना स्वतःला त्या गोऱ्या मुलांच्या जागी ठेवते. त्या गावात आपण खरोखरच गेलो असतो तर आपण संशयितांत गणले गेलो असतो, हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

हा दोष केवळ पुस्तकांचा असता तर त्यावर इतके लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर वाढविला. आपल्याकडील पारधी, कैकाडी अशा जमातींत जन्मलेले मूल त्या कायद्याने जन्मतःच संशयित ठरले. सॅल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनीही या जमातींसाठी नेमलेल्या वसाहतींचा कारभार चालविला. त्यांनी सेवा केली हे खरे, आणि कुंपण राखले हेही खरे. कायदा १९५२ साली गेला. मनातला कायदा गेला काय? घरात पाकीट सापडेनासे झाले की पहिले नाव कोणाचे उच्चारले जाते? धुणीभांडी करणाऱ्या बाईचे. देवळात दानपेटी फुटली की बाहेर झोपणाऱ्या माणसाला प्रथम विचारतात, खजिनदाराला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले. पोलिसांचा पहिला संशय पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या दारी येऊन थांबतो त्यांच्या बाजूने ते लिहिलेले आहे. थोड्या मोठ्या मुलामुलींना रहस्यकथांबरोबर ते अवश्य वाचावयास द्यावे. एकाच घटनेला दोन टोके असतात, हे त्यांना दुसऱ्या कोणत्याही उपदेशाने इतके कळणार नाही.

शब्बाथशाळेतील मुलांना मी अधूनमधून रहस्यकथा सांगतो. अर्ध्यावर थांबून चोर कोण असे विचारले की हात भराभर वर होतात. पण तुम्हांला पहिला संशय कोणाचा आला, आणि का आला, असे विचारले की वर्ग शांत होतो. एकाने सांगितले, माळ्याचा. का? तो मागच्या दाराने येतो म्हणून. बाकीची मुले हसली, पण त्यांतल्या बहुतेकांनी मनात माळ्यालाच धरले होते. कथेत माळी निर्दोष निघाला तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते कोणत्याही 'तात्पर्य' विचारणाऱ्या प्रश्नाने उमटले नसते. वाचकाचे मत मोलाचे असते ते या अर्थाने. ते पुस्तकाविषयी थोडे सांगते आणि वाचकाविषयी फार.

पवित्र शास्त्रात एका श्रोत्याचे मत असेच मागितले गेले आहे. दावीद राजापुढे नाथान संदेष्टा उभा राहिला आणि त्याने एका श्रीमंत माणसाने गरिबाची एकुलती मेंढी हिरावून घेतल्याची गोष्ट सांगितली. दावीद संतापला, त्याने निर्णय दिला, आणि तो निर्णय अचूक होता. उरीयाच्या पत्नीविषयी त्याला सरळ विचारले असते तर राजाने शंभर सबबी सांगितल्या असत्या. मेंढीविषयी सांगावयाला त्याच्याजवळ सबब नव्हती. गुन्हेगाराचा शोध करणारा आणि गुन्हेगार एकच, अशी ती कथा आहे.

हे सूत्र ज्याने रहस्यकथेत आणले तो चेस्टरटन. विसाव्या शतकाच्या आरंभी यॉर्कशायरमध्ये जॉन ओकॉनर या धर्मगुरूंशी फिरावयास गेला असता, मानवी दुष्टपणाची त्यांची माहिती आपल्यापेक्षा कितीतरी खोल आहे असे त्याला आढळले. नंतर त्याच घरी केंब्रिजचे दोन विद्यार्थी भेटले. पाद्री गृहस्थ चांगले आहेत, पण बिचाऱ्यांना जगातल्या पापाची काय कल्पना, असे ते म्हणू लागले, आणि चेस्टरटनला हसू आवरेना. त्या प्रसंगातून फादर ब्राऊन जन्मला. १९११ साली पहिला कथासंग्रह निघाला. चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाला तो पुढे, १९२२ साली. १९२७ च्या संग्रहात फादर ब्राऊनला कोणी त्याची पद्धत विचारतो, तेव्हा तो सांगतो की, ते खून मी स्वतःच केले होते. म्हणजे, असे कृत्य माझ्या हातून कसे घडू शकेल याचा शोध तो आपल्या अंतःकरणात घेत जातो, आणि तेथे खुनी सापडला की बाहेरचा खुनी त्याला ओळखता येतो. त्याचा पहिला संशय माळ्यावर जात नाही. तो स्वतःवर जातो.

आपल्या मुलांना हे पेलेल काय? बारा-तेरा वर्षांच्या मुलांना पेलते, असा माझा अनुभव आहे. त्याहून लहानांसाठी मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला तो काटकुळा बनेश फेणे कोणाच्या कपड्यांवरून मत बनविण्याइतका स्वतः रुबाबदार नाही, आणि हा त्याचा मोठा गुण आहे.

फादर ब्राऊनच्या पहिल्या कथेत फ्लांबो नावाचा अट्टल चोर पाद्र्याचा वेष घेऊन त्याच्याबरोबर प्रवास करतो. तो बुद्धीची निंदा करू लागतो, आणि खरा धर्मगुरू असे बोलणार नाही म्हणून तेथेच पकडला जातो. ब्लायटनच्या पुस्तकात चोर पोलिसांच्या हवाली झाले की मुले चहाला जातात आणि त्या चोरांचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. शब्बाथशाळेत मात्र एका मुलीने फ्लांबोविषयी तोच प्रश्न विचारला. तिला मी सांगितले की थोड्या कथांनंतर त्याने चोरलेले हिरे परत केले, आणि त्यापुढच्या कथांत तो फादर ब्राऊनचा मित्र म्हणून त्याच्या शेजारी चालत असतो. तिने ते पुस्तक घरी नेले. अद्याप परत केलेले नाही.