दान आणि सोबत

धार जिल्ह्यातील भिल्ल वस्त्यांत धर्मार्थ आरोग्य शिबिर भरते. रक्त तपासले जाते, गोळ्या वाटल्या जातात आणि संध्याकाळी मांडव उतरतो. सिकलसेल मात्र रोग्याला जन्मभर पुरतो. मग ते दान कोणाच्या समाधानासाठी?

१९४८ साली क्षयाने ग्रस्त कुमार गंधर्व देवासला आले. औषधाला भानुमतीबाईंच्या अखंड शुश्रूषेची जोड मिळाली, म्हणून ते पुन्हा गाऊ शकले. गडचिरोलीत बंग दांपत्य १९८६ पासून ठाण मांडून आहे. त्यांनी गावच्याच स्त्रियांना नवजातांची निगा शिकवली आणि ३९ गावांतील नवजात-मृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

किती दिले, यापेक्षा मांडव उतरल्यावर रोग्याजवळ कोण राहिले, हीच दानधर्माची कसोटी होय. वर्गणी देताना आपण एवढे तरी विचारावे.